पिरनवाडीचं घर नकाशावरून काढताना

आक्कांचा फोन आला तेव्हा मी वडगावात एका साडीच्या दुकानासमोर उभी राहून उघड्या शटरचा फोटो काढत होते. त्या दुकानावर मॅपमध्ये कुणीतरी 'कायमचे बंद' असा शिक्का मारला होता. दुकान चालू होतं, आत गिऱ्हाईक बसलं होतं, पण मोबाईलमध्ये ते बंद पडलं होतं. मालक माझ्या मागं उभा राहून तावातावानं बोलत होता, त्यामुळं आक्कांचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालात, आक्का?"

"आपलं घर मोबाईलवर दिसतंय म्हणं, वैशाली. पिरनवाडीचं घर."

मी मालकाला हातानंच थांबायला सांगितलं आणि रस्त्याच्या कडेला गेले.

"कोण म्हणालं?"

"कुरियरवाला आज थेट दारात आला. मी विचारलं, पत्ता कुणी दिला रे तुला? तर म्हणाला, मॅपवर बघून आलो की."

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी बेळगाव-निपाणी भागातल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या वेबसाइट करते. पण वेबसाइट करणं हे त्यातलं थोडं काम. जास्त काम ती राखण्याचं. लोक हल्ली थेट वेबसाइटवर येत नाहीत. मोबाईलमध्ये नाव टाकतात, मग मॅपची एक चौकट उघडते. तिच्यात पत्ता, फोन नंबर, वेळ, फोटो, लोकांनी पसंतीच्या दिलेल्या चांदण्या असतात. तिला आम्ही लिस्टिंग म्हणतो. ही लिस्टिंग दुकानाची असते, पण तिला हात कुणीही लावू शकतं. खाली एक बटण असतं, 'बदल सुचवा'. शेजारचा दुकानदार तुम्हाला बंद पाडू शकतो, तुमचा नंबर बदलू शकतो, नकाशावर तुमची जागा दाखवणारी पिन उचलून पलीकडच्या गल्लीत ठेवू शकतो. यंत्रणेला पटलं की तो बदल सगळ्या जगाला दिसतो. म्हणून मी रोज माझ्या गिऱ्हाइकांच्या लिस्टिंग उघडून बघते, आणि कुणी काही बिघडवलं असेल तर पुरावा देऊन दुरुस्त करते. शटरचा फोटो त्यासाठीच चालला होता.

आक्कांची संस्थाही माझी गिऱ्हाईक. पण तिथं काम उलटं होतं.

आक्का म्हणजे एका हायस्कूलच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घर सोडून आलेल्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना त्या आसरा देतात. संस्थेचं ऑफिस टिळकवाडीत, तिथं पाटी आहे, फोन आहे, लिस्टिंग आहे. बायका राहतात ते घर वेगळं. ते तेव्हा पिरनवाडीत भाड्यानं घेतलेलं होतं. नवी वस्ती, कुणी कुणाला फार ओळखत नाही, म्हणून तिथं घेतलेलं. दाराला पाटी नाही. शेजाऱ्यांना लेडीज हॉस्टेल म्हणून सांगितलेलं. वेबसाइटवर त्या घराचा उल्लेख येणार नाही हे बघणं, हे माझ्या कामात पहिलं होतं.

मी तिथंच उभ्या उभ्या संस्थेचं नाव मराठीत टाकून शोधलं. वर ऑफिस आलं, ते बरोबर होतं. त्याच्या खाली आणखी एक. तेच नाव, पुढं 'महिला आश्रम', आणि लाल पिन पिरनवाडीत, त्या गल्लीत, त्या घराच्या डोक्यावर. मूळ नोंद कानडीत केलेली होती, पण ही यंत्रणा नावं आपोआप एका लिपीतून दुसरीत नेते. आमच्या भागात एरवी त्याची सोय होते.

खाली फोटो. दारात तांदळाची पोती, एका पोत्यावर हात ठेवून हसणारे संस्थेचे देणगीदार बाबूअण्णा, शेजारी अवघडून उभ्या आक्का. पाच चांदण्या. 'निराधार बायका-मुलांची चांगली सेवा. सर्वांनी एकदा भेट द्यावी.'

मी फोटो मोठा केला. आक्कांच्या मागं पायरीवर एक पोरगी बसलेली होती. कॅमेऱ्याकडं बघत होती. चेहरा अगदी स्पष्ट. रेखाची आरोही.

रेखा निपाणीजवळच्या एका खेड्यातली. घरी बसून बिड्या वळायची. नवरा टेम्पो चालवतो. त्यानं एकदा तिचं मनगट मोडलं, ते नीट जुळलं नाही, त्यानंतर तिचा हात बिडीवर चालेना, आणि हात चालेना म्हणून त्याचा मार वाढला. एके दिवशी ती पोरीला शाळेत सोडायला म्हणून निघाली आणि बेळगावच्या बसमध्ये बसली. तिचा नवरा प्रकाश दोनदा टिळकवाडीच्या ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटून गेला होता. "बायको ऱ्हाऊ दे, माझी पोरगी मला पाहिजे," म्हणाला होता. आक्का दोन्ही वेळा म्हणाल्या होत्या, इथं कुणी नाही. ते खरंच होतं. ऑफिसात कुणी नव्हतं.

"आक्का, रेखाला आणि आरोहीला आजच्या आज दुसरीकडं हलवा," मी म्हणाले. "बाकीच्यांचं मागाहून बघू."

"तिला विचारते. तू ते मोबाईलवरचं आधी काढ."

त्यांना वाटत होतं, मी बटण दाबलं की ते जाईल. पण आपल्या लिस्टिंगमध्ये कुणी बदल केला तर मॅपवाली कंपनी आपल्याला कळवते. कुणी आपल्याच नावानं दुसरी नवी लिस्टिंग काढली तर ती आपली नसते, आणि तिच्याबद्दल कुणी आपल्याला कळवतही नाही, विचारतही नाही.

मी आधी बाबूअण्णांच्या दुकानात गेले. त्यांचं सिमेंट-सळीचं दुकान आहे. मनानं मोठा माणूस. दरवर्षी आपल्या वाढदिवसाला ते आक्कांना धान्य देतात. त्यांना एक छंद आहे, मॅपवर जागा घालण्याचा. देऊळ, पिठाची गिरण, बसथांबा, जिथं जातील तिथलं काही ना काही घालतात. कंपनी त्यांना त्याबद्दल पॉइंट देते, नावापुढं एक छोटा बिल्ला लागतो. त्याचं त्यांना लई कौतुक.

"ये की गं. चहा सांगू?"

मी मोबाईल पुढं केला. "अण्णा, हे तुम्ही घातलंय?"

त्यांचा चेहरा उजळला. "व्हय की! बघितलीस? त्यो फोटो लई जणांनी बघितलाय."

"हे काढायला पाहिजे, अण्णा."

"का गं? स्पेलिंग चुकलं काय?"

"ते घर कुणाला सापडू नये म्हणून तिथं पाटी लावलेली नाही."

"पाटी न्हाई म्हणूनच घातलं की मी! पोती घेऊन आमचा टेम्पो गल्लीगल्लीतनं फिरत बसला. माझ्यामागनं येणाऱ्याला तरास नको. मी जांबोटीचा बसथांबा घातला, तवापास्नं किती जणांनी आभार मानलं, दाखवू?"

"अण्णा, आत ज्या बायका राहतात त्यांचे नवरेही मोबाईल वापरतात."

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून तो फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ही पोरगी..."

"तिचा बाप तिला शोधतोय."

त्यांनी माझ्यादेखत फोटो काढून टाकला. चांदण्या काढल्या. लिहिलेलं काढलं. दोनदा चुकीच्या ठिकाणी दाबलं गेलं. मग मोबाईल माझ्याकडं देऊन म्हणाले, "आता गेलं न्हवं?"

"फोटो गेला. पिन नाही गेली."

"मी घातल्याली मला काढता येत न्हाय?"

"नाही. तुम्ही सुचवलीत, त्यांनी मान्य केली. आता ती तुमची राहिली नाही."

चहा आला होता. आम्ही दोघांनीही घेतला नाही.

खोटी जागा नकाशावरून काढणं हे माझं रोजचं काम आहे. 'अशी जागा इथे नाही' असं कळवायचं, रिकाम्या प्लॉटचा फोटो जोडायचा, बहुतेक वेळा काम होतं. इथं माझी अडचण अशी होती, की जागा खरी होती. घर तिथं होतं. बायका तिथं होत्या. तांदूळ तिथंच उतरला होता. यंत्रणा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाईलवर एक प्रश्न टाकते, 'हे ठिकाण इथे आहे का?' दूधवाला, रिक्षावाला, शेजारची कॉलेजातली मुलगी, ज्यांना ज्यांना विचारलं असेल त्यांनी भल्या मनानं 'हो' दाबलं असणार. मी कळवलं, अशी जागा नाही. उत्तर आलं, आपली सूचना स्वीकारता येत नाही. आक्कांच्या मोबाईलवरून कळवलं. तेच उत्तर. बाबूअण्णांनी स्वतः कळवलं, त्यांच्या बिल्ल्यासकट. तेच. मी खोटं सांगत होते आणि यंत्रणेनं मला बरोबर ओळखलं होतं.

दुसरा मार्ग, लिस्टिंगवर मालक म्हणून दावा करायचा. एकदा ती आपल्या ताब्यात आली की बंद करता येते. त्यासाठी व्हिडिओ काढून पाठवायचा असतो. त्यात रस्ता दिसायला हवा, दार उघडताना दिसायला हवं, आणि दारावर संस्थेच्या नावाची पाटी दिसायला हवी.

मी आक्कांना सांगितलं.

"म्हणजे घर लपवायला आधी पाटी लावू?"

"एका दिवसापुरती, आक्का. व्हिडिओ झाला की काढू."

"आणि त्या दिवशी गल्लीतल्या कुणी तिचा फोटो काढला तर?"

पाटी लावली नाही.

तिसरं म्हणजे तक्रारीचा फॉर्म. मी इंग्रजीत सगळं लिहिलं, बायकांच्या जिवाला धोका आहे असं स्पष्ट लिहिलं, संस्थेच्या नोंदणीची प्रत जोडली. नकाशा अधिक चांगला करण्यास मदत केल्याबद्दल धन्यवाद, असं आपोआप येणारं उत्तर आलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी पिरनवाडीला गेले. आक्कांनी रेखाला सांगितलं होतं, पण रेखा तयार नव्हती. गुंजीला आक्कांच्या ओळखीच्या एक नर्सबाई राहतात, तिथं दोघींची सोय होणार होती. रेखा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. त्या मोडलेल्या हातानं भाकरी फिरवताना ती खांदा वर उचलायची.

"ताई, आरोहीला आत्ता कुठं शाळंत जीव लागलाय," ती म्हणाली. "रोज सकाळी उठली की आधी दप्तर बघतीया. पुन्हा उठवू तिला? किती ठिकाणं बदलू?"

"थोडे दिवस, रेखा. ते मोबाईलवरनं जाईपर्यंत."

"फोटू काढून टाकला म्हणल्या न्हवं आक्का?"

"फोटो काढून टाकलाय. पत्ता अजून दिसतोय."

"त्येला वाचायला कुठं येतंय धड. फोटू गेला की झालं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "परीक्षा झाली की जातो गुंजीला. बारकी परीक्षा हाय तिची. पाढं म्हणायची."

मी आक्कांकडं बघितलं. आक्का म्हणाल्या, "तिला ओढून तर नेता येत नाही ना, वैशाली. ओढून नेणाऱ्याकडनंच आलीय ती."

ते बरोबर होतं.

मग मी चौथा मार्ग धरला. एकाच संस्थेच्या दोन लिस्टिंग असल्या तर 'ही दुसरी म्हणजे पहिलीच आहे' असं कळवता येतं. यंत्रणेला पटलं तर ती दुसरी पहिलीत विरघळवून टाकते, पिनसकट. नाव एकच होतं. संस्था एकच होती. यात खोटं काही नव्हतं. मी ऑफिसची कागदपत्रं, पाटीचा फोटो, वेबसाइटवरचा पत्ता, सगळं जोडून पाठवलं. या वेळी नकार आला नाही. 'तपासणी सुरू आहे' असं आलं. आमच्या धंद्यात हे चांगलं लक्षण असतं. पण तपासणी किती दिवस चालेल हे कुणी सांगत नाही, आणि तोवर पिन जागेवरच राहते.

रोज सकाळी मी बघत होते. तपासणी सुरू आहे. तपासणी सुरू आहे.

आरोहीला शाळेत सोडायला आणि आणायला घरात कामाला असलेली एक मावशी जायची. शाळा जवळच, चालत. एके दिवशी सकाळी वळणावर एक म्हातारी उभी होती, हातात चिवड्याची पिशवी. आरोहीनं तिला मावशीच्या आधी बघितलं. "आजी!" म्हणून ओरडली आणि हात सोडवून पळत गेली. तिला कुणी उचललं नाही, ओढलं नाही. ती आपल्या पायानं गेली आणि आजीच्या कमरेला मिठी मारली. म्हातारीच्या मागं टेम्पो होता, आणि टेम्पोत प्रकाश.

मावशी धावली, आरडाओरडा केला. चार माणसं जमली. प्रकाश खाली उतरून शांतपणे म्हणाला, "माझी पोरगी हाय. बायको भांडून आलीया, पोरीला आश्रमात ठेवलंया. बापानं न्यायची न्हाय व्हय?" जमलेल्यांनी म्हातारीकडं बघितलं, तिच्या कमरेला बिलगलेल्या पोरीकडं बघितलं, आणि वाट दिली. मावशीला एकानं वर समजावलं, की घरातलं भांडण आहे, तुम्ही मधे पडू नका.

पोलीस स्टेशनला आक्का, रेखा आणि मी गेलो. संस्थेच्या वकीलबाई फोनवर होत्या. साहेब कानडीत बोलत होता, आक्काही त्याच्याशी कानडीत. मी मराठीत सांगते.

"बापानं मुलीला नेलं. यात पळवून नेणं कुठं आलं, टीचर? कोर्टाचा आदेश आहे का मुलगी आईकडं ठेवायचा?"

"अर्ज दिलाय. तारीख पडायची आहे."

"मग मी काय करू?"

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं निपाणीला फोन लावला, तिथून खेड्यात माणूस पाठवायला सांगितलं. दुपारी निरोप आला, मुलगी गावात नाही. प्रकाशनं तिला कागलला बहिणीकडं ठेवलंय. निपाणीपासून कागल जवळच, पण कागल म्हणजे महाराष्ट्र. साहेबानं पेन खाली ठेवलं. "आता तिकडच्या पोलिसांना कळवावं लागेल. कळवतो. वेळ लागेल." तक्रार मात्र त्यानं लिहून घेतली, रेखाच्या मनगटासकट.

लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "त्याला घर कसं सापडलं?"

मी माझ्या मोबाईलवर काढून ठेवलेले स्क्रीनशॉट दाखवले. फोटो, पिन, चांदण्या. साहेबानं ते सावकाश बघितले.

"हे ज्यानं टाकलं, त्याच्याविरुद्ध काही द्यायचं आहे का?"

आक्कांनी रेखाकडं बघितलं. रेखाला कानडी येतं.

"नको," ती म्हणाली. "त्यांनी तांदूळ दिलता."

त्यानंतर प्रकाशचा फोन टिळकवाडीच्या ऑफिसात आला. त्याला बोलायचं नव्हतं, त्यानं सरळ आरोहीला दिला. आक्कांनी स्पीकर लावला. मी तिथंच होते.

"आई, तू कवा येणार? आजी म्हणतीया, आई आली की शाळंत घालूया."

"जेवलीस काय गं?"

"व्हय. आई, माझं दप्तर घेऊन ये."

फोन कट झाला.

वकीलबाई संध्याकाळी येऊन बसल्या. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, की इतक्या लहान मुलीचा ताबा बहुतेक करून आईकडंच येतो, मनगटाचे डॉक्टरांचे कागद आहेत, केस आपली पक्की आहे, फक्त थोडं थांबायला हवं. आक्काही बोलल्या. रेखानं सगळं ऐकून घेतलं. ती मान हलवत होती, तेव्हा मला वाटलं तिला पटलं.

मग ती म्हणाली, "बाई, तुमी म्हणताय ते खरं हाय. कोर्टात मिळंल. पण तवर? त्यो पिऊन आला की मी असले तर मला मारतोय. मी न्हाई तर कुणाला मारंल?"

वकीलबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिला बसस्टँडला मी सोडलं, माझ्या स्कूटरवर. आक्का आल्या नाहीत. त्यांनी तिच्या पिशवीत एक नवी साडी आणि भाकरी बांधून दिल्या होत्या, दारात उभ्या राहून तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि आत जाऊन दार लावून घेतलं होतं. रेखाच्या मांडीवर पिशवी, पाठीवर आरोहीचं दप्तर. मोठ्या बाईच्या पाठीवर ते फार छोटं दिसत होतं.

निपाणीची बस लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी सवयीनं मोबाईल उघडला. संस्थेचं नाव टाकलं. टिळकवाडीचं ऑफिस आलं. त्याच्या खाली काही नव्हतं. मी पुन्हा टाकलं. कानडीत टाकलं, इंग्रजीत टाकलं. पिन गेली होती. सकाळीच कधीतरी तपासणी संपली होती आणि विनंती स्वीकारल्याचा मेल येऊन पडला होता.

"काय झालं, ताई?" रेखानं विचारलं. माझा चेहरा बघून विचारलं असणार.

सांगावं की नाही, मला कळेना. पण ती विचारत होती.

"ते मोबाईलवरनं गेलं, रेखा. आज सकाळी."

तिनं पिशवी जवळ ओढून घेतली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आत अजून लई बायका हायत. ती सोलापूरची तर सारखी खिडकी लावून बसती."

मी पर्समधून कागद काढून ऑफिसचा नंबर लिहायला लागले. तिनं माझा हात धरला. "कागद नको. घरी बघतील. मोबाईल तर त्यो पयला काढून घेणार."

"मग नंबर पाठ कर."

"ऱ्हातंय व्हय माझ्या ध्यानात? संस्थेचं नाव ध्यानात हाय. कुणाच्याबी मोबाईलवर नाव घातलं तर नंबर येतोय न्हवं?"

"येतोय," मी म्हणाले.

बस लागली. ती खिडकीजवळ बसली, दप्तर मांडीवर घेतलं. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला नाही, दोन्ही हातांनी दप्तर धरलेलं होतं.

पुढची हकिगत थोडक्यात. आक्कांनी पिरनवाडीचं घर सोडलं. पिन गेली होती, पण प्रकाशला घर माहीत झालं होतं आणि त्यानं आणखी किती जणांना सांगितलं असेल, कोण जाणे. नवं घर कुठं आहे हे मी सांगणार नाही. देणगीदारांना आता घर दाखवत नाहीत. धान्य ऑफिसात उतरतं, तिथून संस्थेच्या माणसांकरवी जातं. बाबूअण्णा निपाणीकडं गेले होते. गावातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन प्रकाशच्या दारात उभे राहिले. त्यानं त्यांना पाणीही विचारलं नाही. "तुमचं काय काम?" म्हणाला. परत येऊन ते आक्कांच्या ऑफिसात बराच वेळ बसले. रेखा दिसली का, म्हणून आक्कांनी विचारलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, एवढंच ते म्हणाले.

रेखाचा अर्ज कोर्टात तसाच पडून आहे. अर्जदार हजर नाही.

या सगळ्यावरून मी धंद्यात दोन-तीन गोष्टी बदलल्या. नव्या घरी पहिल्यांदा गेले त्याच दिवशी माझ्याच मोबाईलनं मला विचारलं, तुम्ही आत्ता जिथं आहात त्या ठिकाणाचं नाव काय? तेव्हापासून तिकडं जाताना मी मोबाईल ऑफिसात ठेवते. नवं गिऱ्हाईक आलं की आधी विचारते, तुमचं असं काही आहे का, जे कुणाला सापडू नये? बहुतेक जण हसतात. दवाखानेवाले हसत नाहीत, शाळावाले पण आताशा हसत नाहीत. खोटी माहिती काढायची असेल तर पुरावा देता येतो. खरी माहिती काढायची म्हटलं की कुणाकडं काय द्यायचं, हेच ठरलेलं नाही. त्यामुळं ती तिथं जायच्या आधीच अडवावी लागते. एकदा गेली की मग आपण फक्त वाट बघायची.

टिळकवाडीच्या ऑफिसची लिस्टिंग मी रोज सकाळी सगळ्यात आधी उघडते. तिथंही 'बदल सुचवा' आहेच. मधे कुणीतरी नंबरातला शेवटचा आकडा बदलायची सूचना टाकली होती. चुकून असेल, मुद्दाम असेल, कळायला मार्ग नाही. मी ती लगेच हाणून पाडली. नंबर बरोबर दिसतोय ना, हे बघते, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता त्या नंबरवर फोन लावते. पहिल्या रिंगलाच उचलला जातो. आक्का थोडं थांबतात, पलीकडनं रेखाचा आवाज येतो का बघतात.

"मीच, आक्का," मी म्हणते.

"लागतोय गं," त्या म्हणतात, आणि ठेवतात.